हार कुणाला पचते?

६ नोव्हेंबर २०२४ ची सकाळ. नाक्यावरच्या टपरीवर आमची पोरं कटिंग घेऊन मोबाईलमध्ये डोकी घालून बसलेली. अमेरिकेचा निकाल चाललेला. ट्रम्प परत आला. कुणी शिवी हासडली, कुणी नुसतं हसलं. एकजण म्हणाला, "तिकडं कोण आला नि कोण गेला, आपल्या नळाला पाणी येणार आहे काय?"

त्याला त्या सकाळी मी उत्तर दिलं नाही. आज देतो.

त्याच रात्री न्यू जर्सीहून फोन आला. आपल्याच वस्तीत वाढलेला, आपल्याच अभ्यासवर्गात मांडी घालून बसलेला पोरगा. आता तिकडं कॉम्प्युटरवर पोट भरतो. म्हणाला, "दादा, ऑफिसात सुतक पडलंय. कुणी कुणाशी बोलत नाही. दोघीजणी रडून घरी गेल्या. काहीजण म्हणतायत कॅनडाला निघून जाऊ." मी विचारलं, "आणि काळे काय म्हणतात?" तो जरा थांबला. म्हणाला, "दारावर सिक्युरिटीला एक काळी बाई असते, माझ्या आईच्या वयाची. रोजच्यासारखी उभी होती. मी तोंड पाडून आत चाललो, तर म्हणाली, पोरा, तुझी ही पहिलीच वेळ का?"

तुझी पहिलीच वेळ का? ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

दोस्तांनो, आपल्या चळवळीचं नावच तिकडून आलं. १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पार्टी उभी राहिली आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर. त्यामुळं अमेरिकेची निवडणूक आपण सेन्सेक्स आणि व्हिसाच्या खिडकीतून बघायची नसते. ती बघायची त्या दारावरच्या बाईच्या डोळ्यांनी. निवडणुकीत कोण जिंकलं हे मतमोजणी सांगते. देश आपल्या बापाचा आहे असं कोण समजतं, हे मात्र दुसऱ्या दिवशी हरलेला माणूस काय करतो त्यावरून कळतं.

मी तुमच्यासमोर तीन तारखा ठेवतो. तिन्ही सहा जानेवारी.

आधी तिथली रीत समजून घ्या. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी ठरत नाही. नोव्हेंबरात लोक मतं टाकतात, त्यावरून प्रत्येक राज्याचे प्रतिनिधी ठरतात. त्याला इलेक्टोरल कॉलेज म्हणतात. एकूण ५३८ मतं, जिंकायला २७० लागतात. ही मतं सहा जानेवारीला संसदेत उघडून मोजतात आणि खुर्चीवर उपराष्ट्राध्यक्ष असतो. ही रीत आकाशातून पडलेली नाही. १७८७ साली घटना लिहिताना दक्षिणेतल्या गुलाममालकांनी सौदा केला: आमचे गुलाम लोकसंख्येत पाचातले तीन या हिशेबानं धरा. गुलामाला मत नाही. पण त्याचं डोकं मोजून मालकाच्या राज्याचं वजन वाढवायचं, संसदेतही आणि राष्ट्राध्यक्ष निवडतानाही. माणूस मोजायचा आणि माणूस मानायचा नाही. हा हिशेब तुम्हाआम्हाला काय नवा आहे?

पहिली सहा जानेवारी, साल २००१. दोन महिन्यांपूर्वीच्या निवडणुकीत देशभरात अल गोरला जॉर्ज बुशपेक्षा पाच लाखांहून जास्त मतं पडलेली. पण सगळं अडकलं फ्लोरिडात. तिथं बुश पुढं होता ५३७ मतांनी. पाचशे सदतीस! आपल्या एखाद्या मोठ्या चाळीत एवढी मतं निघतील. फेरमोजणीचा प्रश्न सुप्रीम कोर्टानं १२ डिसेंबर २००० ला पाच विरुद्ध चार असा निकाली काढला. बुश राष्ट्राध्यक्ष. आता त्या ५३७ मतांशेजारी दुसरा आकडा ठेवा. त्याच फ्लोरिडात सुमारे १ लाख ८० हजार मतपत्रिका बाद झाल्या होत्या. सरकारच्याच नागरी हक्क आयोगानं २००१ साली अहवाल दिला, की काळ्या मतदाराची मतपत्रिका बाद होण्याची शक्यता इतरांच्या जवळपास दहापट होती. गरीब वस्तीत मोडकी यंत्रं, डोकं चक्रावून टाकणाऱ्या मतपत्रिका, आणि गुन्हेगारांची म्हणून बनवलेली यादी, ज्यात कधी तुरुंगाचं दारही न बघितलेल्या माणसांची नावं उडवलेली.

त्या दिवशी संसदेत काळे प्रतिनिधी एकेक करून उठले. हातात लेखी हरकत. १८८७ च्या कायद्याप्रमाणं हरकतीवर एका तरी सिनेटरची सही लागायची. सिनेटर शंभर. त्यात काळा एकही नाही. आणि सही? एकाचीही नाही. खुर्चीवर कोण होता ठाऊक आहे? स्वतः अल गोर. ज्याच्यासाठी हे भांडत होते त्यानंच नियम दाखवून एकेकाला खाली बसवलं. शेवटी ते उठून सभागृहाबाहेर गेले. एक काच फुटली नाही. एक खुर्ची मोडली नाही. त्यांची तक्रार खरी होती, पुराव्यासकट होती, आणि ती वीसेक मिनिटांत कागदाच्या टोपलीत गेली.

दुसरी सहा जानेवारी, साल २०२१. बायडनला ८ कोटी १० लाखांच्या वर मतं, ट्रम्पला ७ कोटी ४० लाखांच्या वर. इलेक्टोरल मतं ३०६ विरुद्ध २३२. खटले साठाहून अधिक घातले, जवळजवळ सगळे हरले. तरी बोंब एकच: चोरी झाली. चोरी कुठं झाली म्हणे? डेट्रॉइटमध्ये, फिलाडेल्फियात, अटलांटात, मिलवॉकीत. म्हणजे जिथं जिथं काळ्यांची मोठी वस्ती, तिथं तिथं चोरी. ४ नोव्हेंबर २०२० ला डेट्रॉइटमध्ये मतमोजणीच्या खिडक्या बडवत जमाव ओरडत होता, मोजणी थांबवा. त्याच दिवसांत ॲरिझोनात, जिथं मोजणी चालू राहिली तर ट्रम्प पुढं जाईल असं वाटत होतं, तिथं त्याचेच लोक ओरडत होते, मतं मोजा. जॉर्जिया राज्य ट्रम्प ११,७७९ मतांनी हरला. तर २ जानेवारीला त्यानं तिथल्या निवडणूक अधिकाऱ्याला फोन करून ११,७८० मतं शोधा म्हणून सांगितलं. आवाज रेकॉर्ड झालाय, जगानं ऐकलाय.

मग सहा तारखेला ते कॅपिटॉलवर चालून गेले. काचा फोडल्या, दारं तोडली, बाहेर फासाचा खांब उभा केला. सुमारे १४० पोलिस जखमी झाले. आणि एकानं खांद्यावर दक्षिणेतल्या गुलाममालकांच्या बंडाचा झेंडा घेऊन त्या इमारतीत फेरी मारली. यादवी युद्धाच्या चार वर्षांत जो झेंडा तिथं पोचला नव्हता, तो त्या दिवशी पोचला. हे कोण होते? उपाशी, बेकार, पिचलेले? पकडलेल्यांची यादी बघा. दुकानमालक, धंदेवाले, चांगल्या पगाराचे नोकरदार खच्चून भरलेत. आणि २००१ ला ज्या सह्या मिळाल्या नव्हत्या त्या या वेळी मिळाल्या. काचा फुटल्यानंतर, त्याच रात्री, आठ सिनेटर आणि शंभराहून अधिक प्रतिनिधींनी निकालाविरुद्ध मत दिलं.

या दंगलीच्या आदल्या दिवशी काय झालं होतं, ते फार जणांच्या ध्यानात नाही. ५ जानेवारीला जॉर्जियात सिनेटची फेरनिवडणूक होती. तिथं राफेल वॉर्नॉक निवडून आला. मार्टिन ल्यूथर किंग ज्या चर्चमध्ये धर्मोपदेशक होता, त्याच चर्चचा हा धर्मोपदेशक. जॉर्जियाच्या इतिहासातला पहिला काळा सिनेटर. रात्री तो निवडून येतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कॅपिटॉलच्या काचा फुटतात. मी म्हणत नाही की एकामुळं दुसरं झालं. पण दोन्ही बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचा.

तिसरी सहा जानेवारी, साल २०२५. खुर्चीवर कमला हॅरिस, उपराष्ट्राध्यक्ष. बाप जमैकाचा, आई तमिळ. ट्रम्पला ३१२, तिला २२६. या वेळी लोकांची मतंही ट्रम्पलाच जास्त. तिनं स्वतःच्या पराभवाचा आकडा स्वतःच्या तोंडानं वाचून दाखवला आणि काम संपलं. बाहेर कुंपणं घातलेली होती, पोलिस होते, पण फोडायला कुणी आलंच नाही. दोन आठवड्यांनी, २० जानेवारीला, ट्रम्पनं शपथ घेतली आणि २०२१ च्या दंगलीतल्या सुमारे पंधराशे जणांना पहिल्याच दिवशी माफी दिली.

आता सांगा, हार कुणाला पचते?

मी इथं कुणाला देवमाणूस ठरवत नाही. हरलेला मतदार सगळीकडंच कडवट होतो. २०१६ साली हिलरी क्लिंटनला २८ लाखांहून जास्त मतं मिळूनही ती हरली, तेव्हा हा माझा राष्ट्राध्यक्ष नाही अशा पाट्या घेऊन लोक रस्त्यावर आले. निकालाच्या रात्री कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याची वेबसाईट गर्दीनं बंद पडली. २१ जानेवारी २०१७ ला लाखो बायकांनी मोर्चा काढला. पण क्लिंटननं दुसऱ्याच दिवशी पराभव कबूल केला होता. उलट २००८ साली ओबामा आला तेव्हा बंदुकांच्या दुकानांत रांगा लागल्या. हा इथं जन्मलाच नाही, दाखला दाखवा, म्हणून वर्षानुवर्षं ओरड झाली. देशाच्या राष्ट्राध्यक्षाकडं जन्मदाखला मागितला! २०१२ ला तो पुन्हा आला तर टेक्सास देशातून वेगळं करा या अर्जावर लाखाहून जास्त सह्या पडल्या. २०२० चं तेच. कॅपिटॉल फोडायला गेले काही हजार, पण बायडनचा विजय खरा नव्हताच असं मानणारे बहुसंख्य रिपब्लिकन मतदार होते, आणि पाहणीमागून पाहणीत ते दिसत राहिलं.

फरक कडवटपणात नाही. एक हरलेला म्हणतो, आमचं नुकसान झालं. दुसरा हरलेला म्हणतो, आमची वस्तू चोरली. चोरी कशाची होते? जी आपल्या मालकीची असते तिची. सगळी गोम या मालकीत आहे.

बाबासाहेबांनी १९५५ साली भाषिक राज्यांवर लिहिताना एक फरक दाखवला होता. राजकीय बहुमत वेगळं आणि जातीय बहुमत वेगळं. राजकीय बहुमत बनतं, मोडतं, परत बनतं. त्याचं दार उघडं असतं, कुणीही आत येतो, कुणीही बाहेर पडतो. जातीय बहुमत जन्मानं मिळतं. त्यात शिरता येत नाही, त्यातून निघताही येत नाही. लोकशाही चालते ती पहिल्या बहुमतावर. आज हरलो, उद्या जिंकू, हा भरवसा असला की माणूस हार गिळतो. पण ज्याला वाटतं की बहुमत म्हणजे माझं रक्त, माझी चामडी, माझा जन्म, त्याला निवडणूक हरणं म्हणजे मतं कमी पडणं वाटतच नाही. त्याला ती सृष्टीची उलथापालथ वाटते. गावात राखीव जागेवर आपली बाई सरपंच झाली की तिला झेंड्याच्या दोरीला हात लावू द्यायचा की नाही यावर वाड्यात खल चालतो ना? तोच आजार.

आणि हा आजार जुना आहे. ६ नोव्हेंबर १८६० ला लिंकन निवडून आला. त्यानं अजून शपथसुद्धा घेतली नव्हती, एकाही गुलामाची बेडी तोडली नव्हती. जिथं गुलामी आहे तिथं हात लावणार नाही, फक्त नव्या मुलखात ती पसरू देणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत तर त्याला मत टाकायची सोयही नव्हती. तरी २० डिसेंबरला साउथ कॅरोलिना देशातून फुटलं. तिथले निम्म्याहून अधिक लोक गुलाम होते. त्यांना विचारलं कुणी? ४ मार्च १८६१ ला लिंकन शपथ घेईपर्यंत सात राज्यं फुटली होती. एक निवडणूक हरले म्हणून देश मोडला. पुढच्या युद्धात सहा लाखांहून जास्त माणसं मेली.

आता तुम्ही म्हणाल, मग हार पचवणारे ते थोर, त्यांची पूजा बांधू. नको. इथंच पांढरपेशे आपल्याला फसवतात. गरीब हरला आणि गप्प बसला की त्याला संयम म्हणतात, संस्कृती म्हणतात. त्या कौतुकात एक खाच आहे.

१८७६ ची निवडणूक बघा. एक गोष्ट आधी ध्यानात ठेवा. तेव्हाचे रिपब्लिकन म्हणजे लिंकनचा पक्ष, काळ्यांना मत देणारा. डेमोक्रॅट म्हणजे दक्षिणेतल्या गोऱ्या जमीनदारांचा पक्ष. विसाव्या शतकात दोघांनी जागा बदलल्या. पाट्या बदलल्या, मालकीचा रोग या घरातून त्या घरात राहायला गेला. तर १८७६ ला डेमोक्रॅट टिल्डनला लोकांची मतं जास्त मिळाली, पण वीस इलेक्टोरल मतांवर वाद लागला. हरलेल्या बाजूनं रक्ताची भाषा सुरू केली. देश पुन्हा लढाईच्या काठावर आला. मग सौदा झाला. वीसच्या वीस मतं रिपब्लिकन हेसला, निकाल १८५ विरुद्ध १८४. हरलेल्यांना काय मिळालं? १८७७ च्या एप्रिलमध्ये साउथ कॅरोलिना आणि लुइझियानाच्या राजधान्यांत काळ्यांच्या आणि त्यांच्या मित्रांच्या सरकारांना राखणारं सैन्य हटवलं गेलं. दोन्ही पक्ष खुश. शांतता झाली. आणि काळ्या मतदाराच्या नरडीवर पाय आला. मताला कर, मताला वाचनाची परीक्षा, आणि तरीही मत मागितलं तर झाडाची फांदी. दक्षिणेत त्याला खरंखुरं मत परत मिळायला १९६५ चा मतदान हक्क कायदा यावा लागला. अठ्ठ्याऐंशी वर्षं! दोन पिढ्या मतपेटी न बघता मेल्या.

त्या सौद्याच्या चारच वर्षं आधी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली होती ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. जोतीरावांचं काळीज मोठं. त्या सज्जनांतल्या पुढाऱ्यांनीच चार वर्षांत, आता भांडण पुरे म्हणून, काळ्यांना बाजारात ठेवलं. तेव्हा कुणी तुम्हाला म्हणालं की निकालानंतर सगळं शांत झालं, तर पहिला प्रश्न विचारा: ही शांतता कुणाच्या खिशातून विकत घेतली?

आणि दुसरी खाच जिंकण्यात आहे. आपला पक्ष आला म्हणजे आपण आलो, असं नसतं. १९१२ साली डब्ल्यू. ई. बी. डु बॉइससारख्या काळ्या विचारवंतानं वुड्रो विल्सनला पाठिंबा दिला. विल्सन जिंकला. १९१३ मध्ये त्याच्याच सरकारनं केंद्राच्या कचेऱ्यांत काळ्यांची टेबलं वेगळी, जेवायच्या जागा वेगळ्या, संडास वेगळे करायला घेतले. त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला उतरले होते. २००८ ला ओबामा आला, शिकागोच्या मैदानात लोक ढसाढसा रडले, आनंदानं. आम्हीही इथं नाचलो. आणि तोच व्हाइट हाऊसमध्ये बसलेला असताना, २५ जून २०१३ ला, सुप्रीम कोर्टानं १९६५ च्या कायद्याचा कणाच मोडला. ज्या राज्यांनी काळ्यांचं मत लुबाडलं होतं, त्यांना मतदानाचे नियम बदलायच्या आधी केंद्राची परवानगी लागायची. ती अट गेली. नॉर्थ कॅरोलिनानं दोनच महिन्यांत नवा कायदा केला. तो नेमका काळ्या मतदारांवर नेम धरून केलाय असं अपिलाच्या कोर्टानं २०१६ ला म्हटलं. राष्ट्राध्यक्ष आपला, आणि मताचा कायदा त्याच्या डोळ्यांदेखत कुरतडला गेला. ताजं उदाहरण तर आपल्या घरचं. कॅलिफोर्नियात जातीच्या भेदभावाविरुद्धचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला गव्हर्नर न्यूसमनं सही नाकारून ते मारलं. कुठल्या पक्षाचा? डेमोक्रॅट.

म्हणून मी त्या न्यू जर्सीच्या पोराला म्हणालो, सुतक पाळू नकोस आणि गुलालही उधळू नकोस.

मतदाराचा चष्मा कसा असतो तेही बघून ठेवा. अमेरिकेत देशाची आर्थिक स्थिती कशी आहे असा प्रश्न पाहणीत नेहमी विचारतात. २०१६ च्या नोव्हेंबरात निकाल लागला आणि काही दिवसांत रिपब्लिकन मतदारांना सुबत्ता दिसायला लागली. अजून ओबामाच गादीवर होता. पावाची किंमत तीच, पगार तोच, भाडं तेच. २०२० ला आणि २०२४ ला हाच खेळ पुन्हा झाला, एकदा इकडून, एकदा तिकडून. पक्ष जिंकला की पोट भरल्यासारखं वाटतं आणि हरला की भरल्या ताटात खडे लागतात. हसू नका. आपलं काय वेगळं आहे? आपला गट निवडून आला की गटार तुंबलेलं दिसत नाही. पोटाला पक्षाचा चष्मा लावणारा कार्यकर्ता उद्या वस्तीच्या कामाचा राहत नाही.

२०२४ च्या निकालानंतर काळ्यांच्या वाट्याला काय आलं? निकालाच्या दुसऱ्याच दिवसापासून अनेक राज्यांत काळ्या माणसांच्या, कॉलेजातल्या पोरापोरींच्या मोबाईलवर निनावी मेसेज आले: कापूस वेचायला मळ्यावर हजर राहा. केंद्रीय पोलिसांना त्याची दखल घ्यावी लागली. दीडशे वर्षांमागं संपलेला मळा एका बटणावर परत आला. त्या निवडणुकीत दहातल्या नऊ काळ्या बायकांनी हॅरिसला मत दिलं होतं. निकालानंतर त्यांच्यातल्या कितीतरीजणी म्हणाल्या, आता आम्ही बसतो. दर वेळी देश वाचवायचा मक्ता आमचाच काय? या वेळी मोर्चे तुम्ही काढा.

मला त्यांचा राग कळतो. ज्या आयांनी आयुष्यभर दुसऱ्यांची घरं साफ केली त्यांना कुणी देशाचं घरही साफ करा म्हणून सांगायचं नसतं. बसा, पाय पसरा, चहा घ्या. पण बसणं वेगळं आणि मैदान सोडणं वेगळं, हेही त्याच बायकांनी शिकवलंय. जॉर्जियात स्टेसी एब्रम्स २०१८ ला गव्हर्नरची निवडणूक थोडक्यात हरली. मतदार याद्यांतून नावं उडवल्याचा तिचा आरोप होता. तिनं काच फोडली नाही, कॅनडाला गेली नाही, गप्पही बसली नाही. तिच्याबरोबरच्या माणसांनी दारोदार जाऊन नावं नोंदवली. ते काम ती हरायच्या कितीतरी आधीपासून चाललेलं होतं, हरल्यावर त्याला जोर आला. २०२० ला जॉर्जिया फिरलं, १९९२ नंतर पहिल्यांदा. त्या ११,७७९ मतांमागं हे पाय झिजवणं होतं. पुढं २०२२ ला ती पुन्हा हरली. २०२४ ला जॉर्जिया पुन्हा ट्रम्पकडं गेलं. म्हणजे एकदा केलं आणि झालं, असं यात काही नाही. नोंदणी म्हणजे भांडी घासणं. रोज घासायची.

बाबासाहेब स्वतः १९५२ ला मुंबईत हरले. १९५४ ला भंडाऱ्यात हरले. ज्या माणसानं घटनेचा मसुदा सिद्ध केला त्याला त्याच घटनेखालच्या निवडणुकीत दोनदा पाडलं. हार काय असते ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. घटना फाडा असं ते निकालाच्या दिवशी म्हणाले नाहीत, आणि झालं ते न्यायाचं झालं असंही म्हणाले नाहीत. काम चालू ठेवलं.

टपरीवरच्या दोस्ता, आता तुझं उत्तर. तिकडं कोण आला गेला यानं आपल्या नळाला पाणी येणार नाही, बरोबर. पण हरल्यावर काय करायचं, हा प्रश्न तुझ्या माझ्या पुढं दर पाच वर्षांनी येतोच. तेव्हा तीन माणसं आठव. एक काच फोडणारा, ज्याला देश बापजाद्यांची इस्टेट वाटते. दुसरा रडून सामान बांधणारा, ज्याला जायला दुसरा देश आहे. तिसरी ती दारावरची बाई, जिला ना इस्टेट आहे ना कॅनडा. तिला उद्या त्याच दारावर उभं राहायचंय, आणि चार वर्षांनी त्याच रांगेत. रांगेत तिचं नाव शिल्लक असलं तर.

आपली जागा तिच्या शेजारी आहे. आणि तिच्या शेजारी उभं राहायचं म्हणजे तिच्या सहनशक्तीवर कविता करायची नाही. तिचं नाव यादीत आहे का ते बघायचं.

परवा पोराचा पुन्हा फोन आला होता. आता तो कॅनडाचं नाव काढत नाही. रविवारी तिकडच्या एका वस्तीत लोकांना मतदार नोंदणीचे अर्ज भरून द्यायला जातो म्हणाला. त्याला स्वतःला तिथं मत नाही. मी म्हटलं, बरं केलंस. आणि इथल्या पोरांना सांगतो: या रविवारी आपल्या वस्तीची मतदार यादी घेऊन बसू. कुणाचं नाव गळलंय, कोण मेलेला जिवंत आहे आणि कोण जिवंत मेलेला आहे, एकेक घर धरून तपासू. निकाल लागल्यावर शिव्या हासडायला सगळेच मोकळे असतात. येताना पेन घेऊन या.